वृद्धाश्रमाला परवाना कोण देतो?

अंबरनाथ पूर्वेला कुणी निराधार मुलांसाठी घर काढलं, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ नुसार त्याची नोंदणी करावीच लागते. नोंदणीशिवाय मुलं ठेवली तर कलम ४२ आहे: एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. दिव्यांगांसाठी निवासी संस्था काढली, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खाली नोंदणी प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याच गल्लीत कुणी दोन फ्लॅट एकत्र करून दहा-बारा खाटा टाकल्या आणि अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा दरमहा पैसे घेऊन सांभाळायला सुरुवात केली, तर मात्र ‘तुम्हाला हे काम जमतं का’ हे तपासून परवाना देणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने केलेला नाही.

मुलं बोलू शकत नाहीत, तक्रार करू शकत नाहीत, म्हणून कायदा त्यांच्या बाजूने उभा राहिला. ते योग्यच झालं. पक्षाघाताने वाचा गेलेले सत्तर-ऐंशीच्या घरातले आजोबाही बोलू शकत नाहीत. त्यांच्या बाजूने कोण उभं आहे, हे शोधायला मी अंबरनाथपासून सुरुवात केली, कारण या शहरात हा प्रश्न दारात येऊन ठेपला आहे.

वालधुनीच्या काठचं १०६० सालचं शिवमंदिर ही या गावाची जुनी ओळख. आजचं शहर मात्र घडवलं ते आयुध निर्माणीने, विम्कोच्या काडेपेटी कारखान्याने आणि पूर्वेच्या आनंदनगर एमआयडीसीने. या कारखान्यांत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसांनी कानसई सेक्शन, वडवली सेक्शन, शिवमंदिर रस्ता या भागांत घरं घेतली. तळमजला अधिक तीन किंवा चार मजले, लिफ्ट नाही, जिना अरुंद. तेव्हा पस्तिशीत असलेल्यांना त्याचं काही वाटलं नाही. आता त्याच जिन्यामुळे तिसऱ्या मजल्यावरचे काका महिनोन्महिने खाली उतरत नाहीत. मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला, मुलगी सासरी किंवा परदेशात. २०११ च्या जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या २,५३,४७५ होती, शेजारच्या कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ आणि उल्हासनगरची ५,०६,०९८. त्या वर्षी राज्यात साठीच्या पुढची माणसं ९.९ टक्के होती. तेच प्रमाण धरलं तर एकट्या अंबरनाथमध्ये तेव्हाच पंचवीस हजार ज्येष्ठ होते, आणि त्यानंतर शहर दुतर्फा वाढलं आहे.

दुसरीकडे डोंबिवली, ठाणे, मुलुंडची कुटुंबं आपल्या माणसासाठी जागा शोधत याच मार्गावर येतात. मुंबईत अशी सोय परवडत नाही आणि मिळत नाही. कर्जतच्या गाडीने जसजसं पुढे जावं तसं जागेचं भाडं उतरतं, म्हणून अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ या पट्ट्यात बंगल्यांतून, रो हाऊसमधून, इमारतींच्या तळमजल्यावरून वृद्धसेवेची घरं उभी राहिली. काही धर्मादाय आहेत, काही धंदा म्हणून चालतात, काही दोन्हींच्या मधली. नेरळला डिग्निटी फाउंडेशनची डिग्निटी लाइफस्टाइल ही मोठी, आखीव वसाहत आहे. पण मध्यमवर्गीय आणि त्याहून कमी मिळकतीच्या घरातला माणूस शेवटी जातो तो आठ-दहा-पंधरा खाटांच्या, नाव न ऐकलेल्या घरात.

नात्यातल्या एका आजींसाठी जागा शोधताना अशा घरांत माझं जाणं-येणं झालं. पूर्वेच्या एका बंगल्यात, दुपारी साडेचारच्या सुमाराला, एका खाटेच्या पायाशी लटकवलेला तक्ता मी वाचत होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. न बदलल्यास माकडहाड, खुबा, टाच, खांद्याचं पातं इथली कातडी आधी लाल होते. बोटाने दाबलं तरी ती लाली जात नाही. मग फोड येतो, मग जखम, आणि दुर्लक्ष झालं तर ती जखम हाडापर्यंत जाते. मधुमेह असेल तर भरून येणं फार अवघड. म्हणून हा तक्ता: आठ वाजता उजवी, दहा वाजता डावी, बारा वाजता पाठ. त्या दुपारी साडेचारला तक्ता रात्री दहापर्यंत भरलेला होता. एकच पेन, एकच अक्षर.

मी सांभाळणाऱ्या मावशींकडे पाहिलं. त्या ओशाळल्या. “ताई, संध्याकाळी वेळच मिळत नाही हो. जेवणं, औषधं, डायपर. म्हणून लिहून ठेवते. पण कूस बदलते मी, खरंच बदलते.” माझा त्यांच्यावर विश्वास बसला. अकरा माणसांमागे त्या एकट्या होत्या, आणि रात्रीची बाई सेविका पुरवणाऱ्या ब्यूरोकडून येईल की नाही हे त्यांना सहा वाजेपर्यंत कळायचं नव्हतं.

दुसऱ्या एका घरात तक्ता नव्हताच. भिंतीचा रंग उडालेला, खाटा जुन्या. तिथल्या मावशींनी माझ्याशी बोलता बोलता एका आजींच्या टाचेखाली तळवा सरकवला, मग खुब्याखाली, मग कंबरेखाली, आणि आत हाक दिली, “डाव्या बाजूला जरा लाल दिसतंय, रात्री उजवीकडेच ठेव गं.” त्या घरात कुणाच्याही पाठीला जखम नव्हती. मी बघून घेतलं.

उद्या सरकारी निरीक्षक आला, तर पहिलं घर उत्तीर्ण होईल आणि दुसरं नापास. नियम हवेत असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने, माझ्यासकट, हे लक्षात ठेवायला हवं. नुसती फाइल तपासणारा नियम केला तर फाइली सुधारतील. चादर बाजूला करून पाठ बघणारा नियम हवा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण कायदे मुळीच नाहीत असं नाही. ते वेगवेगळ्या खात्यांत आहेत आणि प्रत्येक खातं म्हाताऱ्या माणसाचा एकेक तुकडा पाहतं.

महाराष्ट्रात रुग्णालयांसाठी १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा राज्याने स्वीकारलेला नाही, त्यामुळे हाच जुना कायदा चालतो. त्यातली नर्सिंग होमची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे: आजारी, जखमी किंवा विकलांग, अशक्त झालेल्या माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करणारी कोणतीही जागा. नाकात नळी, लघवीची पिशवी, पाठीला जखम आणि दिवसातून दोनदा इन्सुलिन अशा माणसाला ठेवणारी जागा या व्याख्येत बसते असं कुणीही साधा वाचक म्हणेल. पण चालक म्हणतो, आमच्याकडे उपचार होत नाहीत, फक्त सांभाळ होतो. आरोग्य खातं म्हणतं, हा वृद्धाश्रम आहे, समाज कल्याणचा विषय. समाज कल्याण म्हणतं, ज्यांना आम्ही अनुदान देतो त्यांच्याच आम्ही तपासण्या करतो. आणि आजोबांची नळी बदलायची वेळ येते तेव्हा ती कोण बदलतं, त्याला ते शिकवलंय का, हे कुणीच विचारत नाही.

संस्था धर्मादाय असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली तिची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते. दारावरच्या पाटीवर नोंदणी क्रमांक असतो, आणि नातेवाइकांना तो पाहून हायसं वाटतं. तो क्रमांक विश्वस्त कोण, हिशेब कसे, मालमत्ता किती एवढंच सांगतो. रात्री किती माणसं कामावर असतात याच्याशी त्याचा संबंध नाही.

स्मृतिभ्रंशाचे रुग्ण ठेवणाऱ्या घरांचं प्रकरण याहून गंभीर आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार आणि भावना यांच्याबरोबर स्थळकाळाचं भान आणि स्मृती यांचाही समावेश आहे. निर्णयशक्ती किंवा रोजचे व्यवहार पेलण्याची ताकद गमावण्याइतकी स्मृती गेली, तर तो या कायद्याचा विषय होतो, आणि अशा माणसांना निवासी ठेवणाऱ्या संस्थेने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करायला हवी. या कायद्याच्या कलम ९७ नुसार रुग्णाला एकट्याला कोंडून ठेवता येत नाही. बांधून ठेवायचं तर तात्काळ धोका टाळण्याचा तो एकमेव मार्ग असला पाहिजे, मनोविकारतज्ज्ञाची संमती हवी, आणि कारण, वेळ, पद्धत हे सगळं लिहून ठेवावं लागतं. छोट्या घरांत काय होतं? आजी रात्री उठून दार उघडतात, पडतात, नळी ओढून काढतात, म्हणून मनगट ओढणीने खाटेच्या दांडीला बांधलं जातं. बांधणाऱ्या बाईच्या मनात क्रौर्य नसतं. तिला दहा जण बघायचे असतात. पण सकाळी मनगटावर वळ असतो आणि तो वळ कुठल्याच वहीत नसतो.

आगीचंही तसंच. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ मध्ये वृद्ध आणि अशक्तांच्या घरांना रहिवासी इमारतींत धरलेलंच नाही. रुग्णालयं आणि तुरुंग ज्या ‘क’ गटात येतात, त्याच गटात त्यांची वर्गवारी आहे. कारण उघड आहे: आग लागली तर आतली माणसं स्वतःहून बाहेर पडू शकत नाहीत. दिल्लीत ग्रेटर कैलास भागात १ जानेवारी २०२३ च्या पहाटे ज्येष्ठांच्या अशाच एका घराला आग लागली आणि दोन वृद्धा दगावल्या. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. पण राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर वृद्धाश्रम चालतो हे अग्निशमन दलाला कळणार कसं? नोंदणी नाही, म्हणजे यादी नाही. यादी नाही, म्हणजे जळत्या इमारतीत आत किती माणसं खाटेवर आहेत हे बंब घेऊन आलेल्या जवानालाही माहीत नसतं. मोठ्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या आणि बाहेर पडायला एकच दार, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं.

यादीचं महत्त्व आपल्याच जिल्ह्यात कोरोनाने दाखवून दिलं होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये भिवंडी तालुक्यातल्या खडवलीजवळच्या वृद्धाश्रमात साठाहून अधिक जणांना लागण झाली. ती संस्था मोठी, सर्वांना ठाऊक असलेली होती, म्हणून यंत्रणा तिथे पोहोचली. दहा खाटांच्या, कुणाच्याच दफ्तरी नसलेल्या घरात तेव्हा काय झालं असेल, हा प्रश्न मला सोडत नाही.

ज्येष्ठांसाठीचा मुख्य कायदा २००७ चा: आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ आणि कल्याण अधिनियम. महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू आहे आणि राज्याचे नियम २०१० चे आहेत. मुलांनी सांभाळ केला नाही तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं. अंबरनाथकरांसाठी ते उल्हासनगर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना दहा हजार रुपये. ज्येष्ठाला टाकून दिलं तर कलम २४ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सगळं मुलांना उद्देशून आहे. वृद्धाश्रमांचं कलम १९ वे. राज्य सरकार जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढू शकतं आणि अशा आश्रमांच्या सेवेची मानकं ठरवू शकतं. ‘काढू शकतं’ म्हटलंय, ‘काढावंच’ म्हटलेलं नाही. आणि मानकं आहेत ती सरकारने काढलेल्या आश्रमांची. केंद्राच्या नमुना नियमांत माणशी झोपण्याची जागा ७.५ चौरस मीटर आणि स्वयंपाकघर, जेवणघर, करमणुकीची खोली धरून १२ चौरस मीटर दिली आहे. आपल्याकडच्या साध्या, चारशे चौरस फूट चटई क्षेत्राच्या फ्लॅटला ही फूटपट्टी लावली तर तिथे तीनच माणसं राहू शकतात. मी अशा फ्लॅटमध्ये आठ खाटा पाहिल्या आहेत.

राज्याने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. अनुदानित वृद्धाश्रमांची योजना १९६३ पासूनची आहे, मनोहर जोशींच्या सरकारने १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली, २०१८ मध्ये ज्येष्ठ नागरिक धोरणाचा शासन निर्णय निघाला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर निकाल देताना प्रत्येक जिल्ह्यातल्या वृद्धाश्रमांची माहिती राज्यांकडून गोळा करायला सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयातही वृद्धाश्रमांना परवाना, नोंदणी आणि किमान मानकं लागू करा या मागणीची जनहित याचिका झाली. संसदेत ११ डिसेंबर २०१९ ला २००७ च्या कायद्याचं दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं. त्यात खासगी संस्थांसह सर्व वृद्धनिवासांची, दिवसा सांभाळणाऱ्या केंद्रांची आणि घरी जाऊन सेवा देणाऱ्या एजन्सींची नोंदणी बंधनकारक होती, किमान मानकं होती. स्थायी समितीने त्यावर जानेवारी २०२१ मध्ये अहवाल दिला. विधेयक पडून राहिलं आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तेही संपलं. एवढ्या मेहनतीचं विधेयक असं वाऱ्यावर सुटावं, याचं मला मनापासून दुःख आहे.

एका क्षेत्रात मात्र राज्य पुढे गेलं. २०२४ मध्ये महारेराने ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांना किमान निकष सक्तीचे केले: एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट, चाकाची खुर्ची जाईल अशी ९०० मिलिमीटरची दारं, रुंद मार्गिका, दोन्ही बाजूंना कठडे, न घसरणाऱ्या फरशा, बाहेर उघडणारी न्हाणीघराची दारं. चांगलं आहे. पण हे घर विकत घेणाऱ्यांसाठी. दरमहा पैसे भरून खाटेवर राहणाऱ्याला महारेराचा उपयोग नाही, आणि दार कितीही रुंद असलं तरी रात्री हाक मारल्यावर त्या दारातून कुणी येतं का, हे महारेरा पाहत नाही.

पैशाच्या व्यवहाराकडे येऊ. कर खात्याने वृद्धाश्रमाची नोंद घेतली आहे: प्राप्तिकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेने साठीवरच्या रहिवाशाकडून जेवण, राहणं, देखभाल मिळून महिना २५ हजारांपर्यंत घेतले तर त्यावर जीएसटी नाही. म्हणजे सरकारच्या एका खात्याने या सेवेची व्याख्या केली, मर्यादा ठरवली. मग आरोग्य आणि समाज कल्याणला ते का जमू नये?

करारनामे मी वाचले. बहुतेक एका पानाचे. अनामत परत मिळणार नाही, आजारपणात संस्था जबाबदार नाही, पडझड झाल्यास संस्था जबाबदार नाही, मृत्यू झाल्यास संस्था जबाबदार नाही. डायपर, औषधं, डॉक्टर, रुग्णवाहिका वेगळी. संस्था नेमकी कशाला जबाबदार आहे याची ओळ मला क्वचितच सापडली. वाचकांनी इथे एक गोष्ट मनात पक्की करावी: पैसे देऊन घेतलेली सेवा ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवाच आहे. ‘आम्ही जबाबदार नाही’ असं छापून हलगर्जीपणा माफ होत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तसंच, सांभाळण्याच्या अटीवर फ्लॅट किंवा पैसा बक्षीस लिहून दिला आणि सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. लोक समजतात हे कलम फक्त मुला-मुलींविरुद्ध आहे. कलमात ‘ज्याच्या नावे केलं तो’ एवढंच म्हटलं आहे, आणि त्यात संस्थाही येऊ शकते. अट मात्र लिहून ठेवलेली बरी.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. आज अमेरिकेत ज्याला असिस्टेड लिव्हिंग म्हणतात त्याची सुरुवात ओरेगॉन राज्यात १९८०च्या दशकात केरेन ब्राउन विल्सन यांनी केली. पक्षाघाताने लुळ्या झालेल्या आपल्या आईला स्वतःचं दार, स्वतःचं स्वयंपाकघर असलेली जागा हवी आहे, हे त्यांनी ऐकलं होतं. तिथे अशा घरांचे नियम केंद्र सरकार करत नाही, प्रत्येक राज्य स्वतःचे करतं, आणि त्यामुळे राज्याराज्यांत फार फरक पडतो. ही कहाणी सांगणारे डॉ. अतुल गवांदे यांचे आजोबा सीताराम गवांदे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. ते जवळजवळ एकशे दहा वर्षं जगले, शेवटपर्यंत घरच्यांच्या हातावर, शेत राखत. गवांदेंनी ‘बीइंग मॉर्टल’मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं आहे, पण तीच व्यवस्था परत आणा असं ते म्हणत नाहीत. त्या सांभाळामागे सुना आणि लेकींचं सगळं आयुष्य असतं, हे त्यांना कळतं. अंबरनाथच्या फ्लॅटमध्ये उटी उभं राहणार नाही. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन प्रत्येक केअर होमला चारपैकी एक दर्जा देतं आणि तो दर्जा लोकांना दिसेल असा लावावा लागतो. तिकडे राहणारा आपला मुलगा शेजारच्या म्हातारीसाठी तो अहवाल वाचू शकतो. स्वतःच्या आईसाठी त्याच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले चार फोटो असतात. तामिळनाडूत वृद्धाश्रमांना नोंदणी सक्तीची आहे, केरळने २०२५ मध्ये ज्येष्ठांसाठी स्वतंत्र आयोगाचा कायदा केला.

नियमांना विरोध करणारे चालक मला भेटले आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. “माणशी बारा चौरस मीटर मागाल तर मी उद्याच बंद करतो, आणि हे अकरा जण कुठे जातील?” हा प्रश्न खरा आहे. परवाना म्हटला की फेऱ्या आल्या आणि फेऱ्यांबरोबर काय येतं हे आपण जाणतो. चांगलं काम करणारी, रंग उडालेल्या भिंतींची घरं आधी बंद पडतील आणि चकचकीत फाइलींची टिकतील, ही भीती मलाही आहे. पण त्यावर उपाय नियम टाळणं हा नाही. नियम पायरी-पायरीने आणता येतील. पहिली पायरी फक्त नोंदणी, मोफत, तालुक्याच्या पातळीवर: जागा कुठे, खाटा किती, त्यांतल्या न चालू शकणाऱ्या किती, रात्री कामावर किती. एवढ्यानेही अग्निशमन दल, पोलीस आणि दवाखाना यांच्या हातात यादी येईल. चौरस मीटरचा आग्रह नंतर धरू, सहा महिन्यांच्या नव्हे, काही वर्षांच्या मुदतीत. मात्र रात्री माणूस असणं, बाहेर पडायला दुसरी वाट असणं, बांधून ठेवल्याची आणि जखमांची नोंद असणं, या गोष्टींना मुदत देता कामा नये. आणि निकष खाटेवरच्या माणसाच्या अवस्थेवरून ठरावेत. स्वतः चालत जेवायला येणाऱ्या आजी आणि नाकात नळी असलेले आजोबा यांच्यासाठी एकच नियम म्हणजे दोघांवरही अन्याय.

हे करायला नवं खातंही लागत नाही. उल्हासनगरला न्यायाधिकरण आहे. ठाण्याला सहायक आयुक्त, समाज कल्याण आहेत. अंबरनाथला छाया रुग्णालय आहे, आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्राचा विभाग असतो. तिथल्या प्राध्यापकाने शिकाऊ डॉक्टर आणि परिचारिकेला घेऊन तालुक्यातल्या प्रत्येक घरात, न कळवता, वर्षातून दोनदा जावं, त्यातलं एकदा रात्री. चादर बाजूला करून पाठ बघावी. मावशींना कूस बदलायला, नळीने भरवायला शिकवून यावं. आणि काय दिसलं ते मराठीत, साध्या शब्दांत, नगरपालिकेच्या फलकावर लावावं. विद्यार्थीही यातून शिकतील, कारण उद्या त्यांच्या ओपीडीत हेच रुग्ण येणार आहेत.

कायदा होईपर्यंत घरातल्या माणसाला कुठे ठेवायची वेळ आली, तर दिवसा ठरवून जाऊ नका. रात्री नऊनंतर न सांगता जा, आणि रात्रपाळीला कोण आहे, एकटीच आहे का, तिला पगार कोण देतं ते विचारा. अंथरुणावरच्या एखाद्या माणसाच्या नातेवाइकाला फोन करून बोला. करारात संस्था काय करणार हे लिहून घ्या, विशेषतः तब्येत बिघडली तर किती वेळात कुणाला कळवणार आणि कुठल्या रुग्णालयात नेणार. नळी किंवा उघडी जखम असेल तर नर्सिंग होमची नोंदणी आहे का, स्मृतिभ्रंश असेल तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, हे विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तरी विचारा, कारण अनेकांनी विचारलं तरच चालकांना ते करावंसं वाटेल. भेटायला गेलात की टाच आणि माकडहाड स्वतः बघा. काही वावगं दिसलं तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

सार्वजनिक आरोग्य आणि अपंग, असमर्थांना मदत हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या राज्यसूचीत आहेत, अनुक्रमे सहाव्या आणि नवव्या क्रमांकावर. दिल्लीची वाट पाहण्याची गरज महाराष्ट्राला नाही. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन दिवाळीनंतर येतं. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, मुरबाड इथल्या प्रत्येक मतदाराने त्याआधी आपल्या आमदाराला एका ओळीचं पत्र लिहावं: वृद्धसेवेच्या घरांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा तुम्ही या अधिवेशनात मागणार आहात का? पत्राची पोच घ्यावी, आणि उत्तर आलं नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा लिहावं.